गोळीचे देणे-घेणे

देवघराच्या खालोखाल निगुतीने सांभाळली जाणारी वस्तू आपल्या घरांतून आता कोणती असेल, तर ती औषधांचा डबा. पूर्वी त्या डब्यात सुंठ, वेखंड, जायफळ, ओवा असे. आता सकाळ, दुपार, रात्र अशा वाटणीने रंगीबेरंगी गोळ्या असतात. रक्तदाबाची एक, साखरेच्या दोन, पोटात जळजळ होऊ नये म्हणून अनशापोटी घ्यावयाची एक, गुडघ्यांसाठी आणखी एक. साठी ओलांडलेल्या माणसाने दिवसाकाठी पाच-सहा गोळ्या घ्याव्यात, यात कोणाला नवल वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही. या गोळ्यांनी अनेकांचे आयुष्य वाढविले आहे आणि त्याहून अधिक जणांचे सुसह्य केले आहे. 'रोगापेक्षा औषध भयंकर' ही म्हण काही मंडळी उठल्यासुटल्या वापरतात. त्यांच्या पंक्तीस बसण्याचा माझा विचार नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

माझे म्हणणे मर्यादित आहे. यांपैकी काही गोळ्या आपले नेमून दिलेले काम चोख बजावीत असतानाच शरीरातील एखादे जीवनसत्त्व किंवा एखादा क्षार हळूहळू कमी करीत जातात. त्या उणिवेची लक्षणे दिसू लागली, की आपण ती वयाच्या किंवा मूळ दुखण्याच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. अशक्तपणा आला, 'आता वय झाले.' पायांना मुंग्या आल्या, 'साखरेचे दुखणे, चालायचेच.' असे म्हणण्यात चार वर्षे निघून जातात, आणि ती चार वर्षे काही वेळा परत मिळत नाहीत.

आपल्या आजीच्या पिढीत वैद्यबुवांनी पुडी हातावर ठेवली, की घरातून पहिला प्रश्न जाई, "पथ्य काय?" आमच्या या शहरात हकीमसाहेबांच्या दवाखान्यात त्याच प्रश्नाला 'परहेज' म्हणत. 'पथ्य' हा शब्द 'पथ' या शब्दापासून आला आहे. वाटेला धरून असलेले, वाटचालीस हितकर, असा त्याचा मूळ अर्थ. तेव्हाचे पथ्य कित्येकदा निरर्थक असे, हे मला मान्य आहे. तापकऱ्याला दोन-दोन आठवडे उपाशी ठेवणाऱ्या पथ्याचे गुणगान मी करणार नाही. परंतु औषध एकटे येत नाही, त्याच्यासोबत खाण्यापिण्याचा काही विचार येतो, ही जाण त्या प्रश्नात होती. आता डॉक्टरांच्या दाराशी रांग असते, आत गेल्यावर हाती मिनिटे थोडी असतात, आणि तो प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

औषधांचे दोष हुडकण्याच्या कामी आमच्या अफझलगंजाचे नाव वैद्यकाच्या इतिहासात केव्हाच नोंदले गेले आहे, हे रोज त्या रस्त्याने बसमधून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? पाचवे निजाम अफझलउद्दौला यांचे नाव मिरविणाऱ्या या पेठेत मुसी नदीच्या काठी जो जुना दवाखाना होता, तेथे १८८८ आणि १८८९ या वर्षी डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मची चौकशी करणारे दोन आयोग बसले. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेले काही रोगी टेबलावरच का दगावतात, आधी श्वास थांबतो की आधी हृदय, असा वाद त्या काळी विलायतेत पेटला होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्चाला पैसा दिला, लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखा नामांकित डॉक्टर आला, शेकडो मुक्या जनावरांवर प्रयोग झाले, आणि निष्कर्ष निघाला की श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. पुढे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदयाची लय बिघडून माणूस मरू शकतो. एवढा खटाटोप करूनही लॉरीसाहेबांची नजर एका ठिकाणी खिळली होती. तो दवाखाना १९०८ च्या महापुराने नेला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या उस्मानिया दवाखान्याची घुमटांची जुनी वास्तूही २०२० च्या पावसाळ्यात पाणी शिरल्यावर रोग्यांपासून रिकामी करण्यात आली.

क्लोरोफॉर्मचा दोष काही मिनिटांत प्रकट होई, तरीही तो ओळखण्यात मोठमोठ्यांची फसगत झाली. आपल्या डब्यातील गोळ्यांचा दोष प्रकट होण्यास काही वर्षे लागतात. मग तो आपल्या नजरेतून सुटला, तर आश्चर्य कसले!

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. शुद्ध शाकाहारी, शिस्तीचे, बारा वर्षांपासून मधुमेहाची गोळी एकही दिवस न चुकविता घेणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे अंधारात चालताना तोल जाऊ लागला. चप्पल पायातून केव्हा निसटली हे समजेना. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात हे घरातील सर्वांनी ऐकलेले होते, त्यामुळे निदान घरातच झाले. प्रत्यक्षात एका तरुण डॉक्टरने रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व तपासावयास सांगितले, तेव्हा ते फारच खाली गेलेले आढळले. इंजेक्शने सुरू झाली. तोल बराचसा सावरला, स्मरणशक्तीविषयीची घरच्यांची तक्रार कमी झाली. पायांतील बधिरपणा मात्र काही अंशी कायमचा राहिला. हे दोन-तीन वर्षे आधी कळते, तर कदाचित तोही राहिला नसता.

हे कसे घडते ते पाहू. मधुमेहासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मेटफॉर्मिन. स्वस्त, जुने, भरवशाचे. फ्रान्समध्ये १९५७ पासून ते रोग्यांना दिले जाऊ लागले, आणि १९७० च्या सुमारासच त्याचा ब-१२ च्या शोषणावर परिणाम होतो असे डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले होते. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते आणि त्या क्रियेला कॅल्शियमची मदत लागते. मेटफॉर्मिन तेथेच अडथळा आणते, असे मानले जाते. निसर्गाने यकृतात या जीवनसत्त्वाची शिल्लक ठेवलेली असते, म्हणून गोळी सुरू केल्याबरोबर काही बिघडत नाही. शिक्षकाची सवय, हिशेब मांडून पाहिल्याशिवाय राहवत नाही. शिल्लक ३ मिलिग्रॅम धरली आणि रोजचा खर्च २ मायक्रोग्रॅम, तर नवी भर अजिबात न पडता ही ठेव सुमारे १,५०० दिवस, म्हणजे चार वर्षांच्या आसपास पुरेल. भर थोडी थोडी पडत राहिली, तर आणखी काही वर्षे. गोळीची मात्रा जितकी मोठी आणि काळ जितका लांब, तितका धोका अधिक. ब्रिटनच्या औषध-नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम कळविले, की मेटफॉर्मिन घेणाऱ्यात ब-१२ च्या उणिवेची लक्षणे दिसली तर तपासणी करावी, आणि ज्यांना धोका अधिक आहे त्यांची अधूनमधून करीत राहावी.

धोका अधिक कोणाला? येथे आपल्या पानातील पदार्थांकडे वळावे लागते. ब-१२ वनस्पतींत नसते. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच ते मिळते. आपल्यातील पुष्कळ घरे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. वरण-भात, ज्वारीची भाकरी, पिठले, मेथीची भाजी, कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी असा आहार अनेक दृष्टींनी उत्तम, पण या एका बाबतीत लंगडा. सारी भिस्त दुधा-ताकावर, आणि उतारवयात दूध सोसत नाही म्हणून ते चहापुरते उरते. ताक तर पाण्यासारखे पातळ. म्हणजे भर आधीच तुटपुंजी. त्यात गोळी.

आणि गोळी बहुधा एकटी नसते. अनशापोटी घ्यावयाची ती दुसरी गोळी आठवा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही या कुटुंबातील नावे. अन्नातील ब-१२ प्रथिनांना चिकटलेले असते, ते सुटे करण्यास जठरातील आम्ल लागते. ही गोळी ते आम्लच दाबून टाकते. अल्सरच्या रोग्याला तिने जीवदान दिले आहे. पूर्वी ज्यासाठी पोट कापावे लागे, ते आता दोन महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होते. परंतु रुग्णालयातून घरी पाठविताना जी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली असते, ती सात-सात वर्षे चालू राहते, कारण ती बंद करा असे सांगण्यास कोणी उरलेले नसते. लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या म्हणून सुरू केलेली गोळी जन्माची सोबतीण झाल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. वर्षापेक्षा अधिक काळ घेतल्यास काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम घसरते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये दिला. पोटऱ्यांत गोळे येणे, हातांना कंप सुटणे, छातीत धडधडणे ही त्याची चिन्हे. दीर्घ काळ घेतलेली ही गोळी अचानक सोडली, तर जळजळ दुप्पट जोराने उसळते आणि 'पाहा, गोळीशिवाय चालतच नाही' असा समज दृढ होतो. म्हणून ती सोडावयाची झाल्यास डॉक्टरांना विचारून, मात्रा उतरवीत सोडावी.

शाकाहार, मेटफॉर्मिन आणि आम्लाची गोळी ही तीन एका घरात एकत्र नांदत असतील, तर ब-१२ ची रक्ततपासणी पुढे ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या तपासणीआधी रक्त वाढावे म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या परभारे सुरू करू नयेत. फॉलिक ॲसिडने रक्त सुधारते, चेहऱ्यावर तरतरी दिसते, आणि ब-१२ च्या अभावी नसांची झीज आतल्या आत चालूच राहते.

फॉलिक ॲसिडचे नाव निघाले, तर त्याची कथाही सांगितली पाहिजे, कारण तिचे एक टोक मुंबईत आहे आणि दुसरे आंध्रात. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय हा तिच्या अभ्यासाचा विषय. यीस्टच्या स्वस्त अर्काने, विलायतेत पावाला लावून खातात त्या मार्माइटने, या बायका बऱ्या होतात, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कात जे अज्ञात द्रव्य होते, तेच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. ते प्रयोगशाळेत तयार करण्याचे काम १९४५ च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ली कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली पार पडले, ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव भीमवरमचे. त्याच संशोधनातून या जीवनसत्त्वाची नक्कल करून त्याची जागा अडविणारी द्रव्ये निघाली आणि रक्ताच्या कर्करोगावर ती वापरली गेली. त्यांतील मेथोट्रेक्सेट आज संधिवाताच्या कितीतरी रुग्णांच्या डब्यात आहे. म्हणजे येथे जीवनसत्त्वाची अडवणूक हा औषधाचा दोष नव्हे, तेच त्याचे काम! म्हणूनच सोबत, बहुधा वेगळ्या दिवशी, फॉलिक ॲसिडची गोळी लिहून दिलेली असते. ती 'नुसती ताकदीची' समजून गाळू नये. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणावर बेतते. डब्यावर वाराचे नाव ठळक लिहून ठेवावे.

औषधासोबत जीवनसत्त्व द्यावे लागते, याचा सर्वांत चांगला धडा क्षयरोगाने दिला. आयसोनियाझिड हे औषध १९५२ मध्ये आले आणि क्षयाच्या रोग्याचे नशीब पालटले. पण काहींच्या हातापायांची आग होऊ लागली, मुंग्या येऊ लागल्या. औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्व निकामी करते, हे लक्षात आले. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने, जे १९५६ मध्ये स्थापन झाले, गरीब, अर्धपोटी रोग्यांवर याचा काटेकोर अभ्यास केला, आणि ब-६ च्या अगदी लहान मात्रेने हा त्रास टळतो असे दाखविले. आज क्षयाच्या गोळ्यांबरोबर ब-६ ची, बहुधा १० मिलिग्रॅमची, गोळी देतात ती यासाठी.

यात ज्वारी खाणाऱ्या आपल्या दख्खनी माणसासाठी आणखी एक गोम आहे. पोषणाचे संशोधन करणारी, १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झालेली संस्था १९५८ मध्ये हैदराबादेस आली. तारनाक्याजवळची तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी येथे पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. उन्हाने काळी पडून सोलणारी कातडी, जुलाब आणि बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत तो आढळे. हा रोग नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी होतो, आणि शरीराला स्वतःचे नायसिन तयार करण्यास ब-६ लागते. तेव्हा ब-६ हिरावणारे औषध अर्धपोटी ज्वारीकराच्या वाट्यास आले, तर एका उणिवेतून दुसरी जन्मते. भाकरीला दोष नाही, बरे का. भाकरीसोबत डाळ, दूध, पालेभाजी असेल तर ती सोन्यासारखी. याच संस्थेत १९७० च्या दशकात डॉ. महताब बामजी आणि सहकाऱ्यांनी पाळणा लांबविण्याच्या गोळ्या घेणाऱ्या, हलाखीतील स्त्रियांच्या ब वर्गातील जीवनसत्त्वांचा अभ्यास केला होता. ताटात आधीच कमी असेल, तर औषधाचे घेणे अधिक जाणवते.

शाळेत आयुष्य गेल्यामुळे फेफऱ्याचे औषध घेणारी मुले मी पुष्कळ पाहिली. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही जुनी औषधे यकृताला चेतवितात, आणि ड जीवनसत्त्व नेहमीपेक्षा लवकर मोडले जाते. हाडे ठिसूळ होऊ लागतात. फॉलिक ॲसिडही उतरते. वाढीच्या वयातील मुलीला आकडी येते म्हणून तिचे खेळणे, उन्हात जाणे बंद केले, तर दुहेरी नुकसान. मोठ्यांच्या देखरेखीखाली तिला मैदानावर जाऊ द्यावे. लग्नाच्या वयाला आल्यावर, दिवस जाण्याच्या पुष्कळ आधी, औषध बदलावे काय आणि फॉलिक ॲसिड किती घ्यावे, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे. लग्न ठरताना दुखणे लपविण्याच्या नादात हा सल्ला राहून जातो. स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रा घेऊ नयेत, त्याने फेनिटॉइनचा प्रभाव उतरून आकडी परतू शकते. आणि गोळी तर एक दिवसही परस्पर बंद करू नये.

रक्तदाबाच्या बाबतीत दोन विरुद्ध तऱ्हा आहेत, त्या घोटाळ्यात पाडतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांपैकी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फुरोसेमाइड यांनी पोटॅशियम बाहेर जाते. माणूस गळून जातो, पोटऱ्या आखडतात. उलट टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे पोटॅशियम राखून ठेवतात. शेजारच्या काकूंना शहाळ्याच्या पाण्याने बरे वाटले म्हणून आपल्या काकांनी रोज दोन शहाळी सुरू केली, आणि काकांची गोळी दुसऱ्या जातीची व मूत्रपिंड कमजोर असले, तर हृदयाशी गाठ पडते. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून जे मिळते, त्यातही सोडियमच्या जागी बरेचदा पोटॅशियमच असते.

म्हणून उणीव भरून काढण्यासाठी एखादी ताकदीची बाटली आणून सर्वांना चमचा-चमचा द्यावी, हा उपाय मला मान्य नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपाठोपाठ घेतली, तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. दोहोंत चार तासांचे अंतर लागते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये आणि के जीवनसत्त्व असलेली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. औषधांनी काय काय हिरावले जाते याच्या लांबलचक याद्या हल्ली हातोहात फिरतात; त्यांतील पुष्कळ गोष्टींना पुरावा तोकडा असतो, आणि यादीच्या तळाशी बहुधा विकावयाची बाटली असते.

घरच्या घरी करता येण्यासारखे काम निराळे आहे. एका वहीत प्रत्येकाच्या नावे गोळी कोणती, कोणी दिली आणि मुख्यतः कधीपासून, एवढे लिहावे, आणि डॉक्टर बदलला तरी तीच वही पुढे करावी. नाव लिहिताना मात्र पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नये. कंपनीचे नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरांत आतील द्रव्य छापलेले असते, आणि एका गोळीत दोन-तीन द्रव्ये असणे नेहमीचे. 'मी मेटफॉर्मिन घेत नाही' म्हणणाऱ्याच्या जोडगोळीत ते निघते. नजर पोहोचत नसेल, तर नातवंडांकडून वाचून घ्यावे. दुकानदार अर्धी पट्टी कापून देतो, तेव्हा हा मजकूर नेमका त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. पट्टी मजकुराच्या बाजूने मागून घ्यावी, किंवा तिथल्या तिथे नाव उतरवून घ्यावे, आणि गोळ्या संपल्या तरी तो कागद वहीत टाचून ठेवावा.